थिबा राजवाडा प्रदर्शन : मुंबईतील कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

मे महिन्यात भरणाऱ्या संमेलनासाठी दादरच्या आमच्या मंडळाने रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यावर फलकांचे प्रदर्शन करायचे ठरवले असून मजकूर आणि रेखाचित्रांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मंडळातील बहुतेकांचे मूळ घर रत्नागिरी तालुक्यात आहे आणि राजवाडा प्रत्येकाने लहानपणी पाहिलेला आहे. त्यामुळे ‘ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत होता’ एवढे सांगणारे फलक लावून उपयोग नाही, कारण तेवढे सर्वांना ठाऊकच आहे.

मी पहिल्याच बैठकीत असे सुचवले की प्रदर्शन राजाच्या चरित्राचे न करता घराच्या इतिहासाचे करावे. हे घर कोणी ठरवले, कोणाच्या पैशाने बांधले, इतक्या उशिरा का बांधले आणि राजघराणे गेल्यावर त्याचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की प्रत्येक धागा मुंबईकडे येतो. राज्य घालवणाऱ्या वादातील कंपनी मुंबईची होती, कैद्याची व्यवस्था पाहणारे सरकार मुंबई इलाख्याचे होते, घर बांधले तेही याच सरकारने, आणि त्यासंबंधीचे कागद आजही मुंबईत आहेत. रत्नागिरीच्या टेकडीवरच्या या वास्तूचे मुंबईशी असलेले हे नाते रत्नागिरीच्या लोकांनाही फारसे माहीत नाही. मुंबईत राहणाऱ्या रत्नागिरीकरांनी प्रदर्शन मांडायचे तर ते याच अंगाने मांडावे, असे माझे ठाम मत आहे. मंडळाने ते मान्य केले.

१७ जानेवारी

काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात काम सुरू केले. मुंबई सरकारचे हे दप्तर १८२१ पासून पद्धतशीरपणे जपले जात आहे. इथे काम करायचे म्हणजे आधी सूचीचे खंड पाहायचे, खाते, वर्ष आणि खंड क्रमांक टिपून मागणीची चिठ्ठी द्यायची आणि बाड टेबलावर येईपर्यंत थांबायचे. जुने कागद कडांना इतके ठिसूळ झालेले असतात की पान उलटताना तळहात पूर्ण खाली घालावा लागतो, नाहीतर कोपरा हातात येतो.

राजाला कैदेत ठेवण्याचा निर्णय हिंदुस्थान सरकारचा असला तरी रोजची व्यवस्था मुंबई सरकार पाहत असे आणि ती रत्नागिरीचे कलेक्टर व राजाच्या देखरेखीसाठी नेमलेला पोलीस अधिकारी यांच्या मार्फत चाले. त्यामुळे विषय राजकीय खात्याकडे जातो, आणि घर बांधायची वेळ आली की तोच सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सरकतो. या पत्रव्यवहारात मोठा भाग पैशांचा आहे : तनखा किती, तो पुरत का नाही, सावकारांचे देणे किती झाले, कोणते दागिने विकले गेले, नोकर किती ठेवायचे, घराची दुरुस्ती कोणी करायची. सात वर्षे सिंहासनावर बसलेल्या माणसाला पुढची तीस वर्षे प्रत्येक लहानमोठ्या गोष्टीसाठी अर्ज करावा लागला, हे या कागदांच्या नुसत्या विषयांवरूनच ध्यानात येते. या अर्जांवर एक स्वतंत्र फलक करणार आहे.

२९ जानेवारी

आज ‘रत्नागिरीच का’ या फलकाचे टिपण पूर्ण केले. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात २९ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राजधानी मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले. आधी बोटीने रंगूनला, तिथून मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीला असा त्याचा प्रवास झाला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. बरोबर पट्टराणी सुपयालात, तिची धाकटी बहीण व राजाची दुसरी राणी सुपयागले आणि लहान मुली होत्या. दोन मुली मंडालेत जन्मल्या होत्या, तिसरी मद्रासच्या मुक्कामात झाली आणि चौथी १८८७ साली रत्नागिरीत.

रत्नागिरीची निवड समजण्यासाठी एशियाटिक सोसायटीत १८८० साली प्रसिद्ध झालेले मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचे पुस्तक पुन्हा वाचले. राजा येण्याच्या अवघी सहा वर्षे आधीचे रत्नागिरी त्यात आहे. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे कलेक्टर, न्यायालय, तुरुंग आणि पोलीस ही सारी यंत्रणा गावात होती. एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र होता, रेल्वे नव्हती, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की घाटरस्त्यांखेरीज वाट उरत नसे. सरकार पूर्ण हजर आणि बाहेरचे जग पूर्ण लांब, असे ठिकाण राजकैद्यासाठी शोधू गेल्यास याहून सोयीचे सापडणे कठीण होते. रत्नागिरीवरून मुंबई ते मंगळूर अशी सलग रेल्वे सुरू झाली ती १९९८ साली, म्हणजे राजा तिथे आला त्यानंतर ११२ वर्षांनी. गणपतीला गावी जाण्यासाठी गाडीचे आरक्षण मिळवताना धडपडणाऱ्या आमच्या सभासदांना हा अंतराचा हिशोब चटकन कळेल, म्हणून तो फलकावर ठेवतो आहे.

याच फलकावर १८५८ ची नोंदही घेतली. त्या वर्षी बहादुरशाह जफर याला दिल्लीहून रंगूनला पाठवण्यात आले आणि १८६२ साली तो तिथेच वारला. हिंदुस्थानचा बादशाह ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात, अशी ही सरकारी पद्धत होती : माणूस जिवंत ठेवायचा, पण त्याची भाषा बोलणाऱ्या मुलखापासून त्याला दूर ठेवायचे.

१० फेब्रुवारी

सागवानाच्या फलकासाठी रे रोडच्या लाकूडबाजारात छायाचित्रे घेतली. पाडलेल्या चाळींचे जुने बर्मा टीक तिथे आजही विकायला येते. एका वखारीत चाळीच्या जिन्याची तुळई कापून ठेवली होती. वरून ती धुराने व तेलरंगाने काळवंडलेली असली तरी करवतीच्या ताज्या कापावर मधासारखा रंग, एकमेकांना चिकटून असलेल्या बारीक वार्षिक रेषा आणि किंचित तेलकट वास होता. वखारवाल्यांनी सांगितले की जुन्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक नव्या सागापेक्षा याला जास्त पैसे मोजते.

हे लाकूड आणि रत्नागिरीचे घर यांचा संबंध सरळ आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली. वॉलेस बंधूंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कंपनीला उत्तर ब्रह्मदेशातील जंगलांतून साग तोडण्याचे ठेके मिळालेले होते. कंपनी नेलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडके दाखवून राजाचे पैसे बुडवते, असा आरोप ठेवून १८८५ साली मंडालेच्या राजमंडळाने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. त्याच सुमारास फ्रान्सशी राजाची बोलणी चालू असल्याने इंग्रजांना हस्तक्षेप हवाच होता, आणि दंडाने त्यांना निमित्त दिले. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात फौज निघाली आणि पंधरवड्यात राजधानी पडली. १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन याने उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश राज्यात सामील झाल्याचे जाहीर केले. तो थिबाचा जन्मदिवस होता.

बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी हा फलक अनावश्यक ठरवला आणि विचारले, “लाकडाचा हिशोब कशाला सांगायचा? लोक राजाची गोष्ट ऐकायला येतील.” मी त्यांना आदरपूर्वक सांगितले की अण्णा, राजाची गोष्ट इथूनच सुरू होते. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या जुन्या चाळींच्या तुळया, जिने आणि दरवाजे यांमध्ये ब्रह्मदेशचा साग आहे, आणि त्याच सागाच्या व्यापारातून झालेल्या तंट्यात रत्नागिरीला राजा आला. युद्धाला साम्राज्याच्या स्पर्धेचेही कारण होते, तेही फलकावर लिहिले आहे. पण मुंबईकराने हात लावून पाहावा असा या इतिहासाचा पुरावा त्याच्या स्वतःच्या घराच्या चौकटीत असताना तो वगळणे मला पटत नाही. अण्णांनी तुळईचा एक कापलेला तुकडा फलकाखाली ठेवण्याची सूचना केली, आणि ती उत्तम आहे.

२२ फेब्रुवारी

मोजमापांसाठी रत्नागिरीला आलो आहे. राजवाडा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि आत संग्रहालय आहे, म्हणून परवानगीचे पत्र आधीच घेतले होते.

घर १९१० साली पूर्ण झाले आणि त्याच वर्षी राजघराणे इथे राहायला आले. म्हणजे २४ वर्षे त्यांनी सरकारने दिलेल्या बंगल्यांमध्ये काढली. कुटुंब वाढत होते, जागा अपुरी होती आणि राजाच्या तक्रारी चालू होत्या. त्यानंतर १९१६ च्या डिसेंबरमध्ये थिबा वारला, त्यामुळे ज्या घराला त्याचे नाव मिळाले त्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. हा हिशोब प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या फलकावर मोठ्या अक्षरांत घ्यायचा आहे, कारण ‘थिबाने इथे तीस वर्षे काढली’ असा समज सर्रास आढळतो.

वास्तू तीन मजली असून तिला उतरती छपरे आहेत. तिच्या आराखड्यात राजाने स्वतः लक्ष घातले होते, तरी बांधणारे हात सरकारी बांधकाम खात्याचे आहेत आणि ते जागोजागी दिसते. पुढे-मागे चौक, रुंद सज्जे, वारा आरपार जाईल अशी दालने, ही त्या काळातील मोठ्या सरकारी बंगल्याची रीत आहे. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे दरबाराचे दालन आहे. मागच्या बाजूला राजाने आणलेली बुद्धमूर्ती आहे.

आजचा बराच वेळ अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांपाशी गेला. एका खिडकीचे पूर्ण रेखाचित्र केले. कमानीचा अर्धगोल भाग लाकडी पट्ट्यांनी विभागलेला असून मधल्या भागांत रंगीत काचा आहेत. दुपारी चारनंतर ऊन तिरपे झाले की लाल व निळ्या रंगाचे ठिपके जमिनीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढतात. कोरीवकामाच्या खोलगट भागात रंगाचे अनेक थर साचल्यामुळे नक्षीची धार बोथट झाली आहे, पण खालच्या बाजूला, जिथे ब्रश पोचला नाही, तिथे सुताराच्या पटाशीचे मूळ घाव स्वच्छ दिसतात. रेखाचित्रात मी तोच भाग मोठा करून दाखवणार आहे.

जांभ्याबद्दलही एक परिच्छेद हवा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, सहज तासता येतो आणि उघड्या हवेत राहिला की टणक होत जातो. मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर भिंत पावसाळाभर ओली राहते. चुन्याचा गिलावा असला तर हे पाणी उन्हाळ्यात बाहेर पडते. सिमेंट थापले तर ते आत अडकते आणि पापुद्रे सुटू लागतात. कोकणातल्या कित्येक जुन्या घरांची नासाडी अशा हौशी दुरुस्तीने झाली आहे. आमच्या सभासदांपैकी अनेकांची गावची घरे जांभ्याचीच आहेत, म्हणून ही माहिती फलकावर सविस्तर देणार.

टेकडीच्या कडेवरून भाट्ये खाडी आणि तिच्या पलीकडे समुद्र दिसतो. राजा इथून दुर्बिणीने बोटी पाहत असे, असे गावात सर्वत्र सांगतात. मी फलकावर फक्त दिशा आणि देखावा दाखवतो आहे.

६ मार्च

मंडळाच्या बैठकीत टिळकांच्या फलकावर बराच वेळ चर्चा झाली. योगायोग सर्वांना माहीत आहे : रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला पाठवण्यात आले, आणि मंडालेचा राजा तेव्हा रत्नागिरीत होता. काहींना हा फलक प्रदर्शनाचा मध्यबिंदू करायचा होता. माझा आग्रह असा की तो घराच्या कालपटावर नेमक्या जागी बसवावा. टिळकांवरील राजद्रोहाचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून मुंबई बंद पाडली. त्या वेळी रत्नागिरीचे घर अजून पुरे झालेले नव्हते. ते पूर्ण झाले तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्याच्या कामात होते, आणि जून १९१४ मध्ये ते सुटले तेव्हा थिबा नव्या घरात होता.

असे तारखांनी मांडले की मुद्दा आपोआप पक्का होतो. दोन्ही माणसांना एकाच सरकारने, एकाच समजुतीने, एकमेकांच्या मुलखात नेऊन ठेवले. एकाची मुदत ठरलेली होती, दुसऱ्याची नव्हती. हा फरक मात्र फलकावर स्पष्ट लिहायला हवा, कारण मुदत नसलेली कैद हीच तर या घराची खरी ओळख आहे. सभासदांनी मान्यता दिली. सावरकरांच्या १९२४ ते १९३७ या काळातील रत्नागिरीच्या स्थानबद्धतेचा फक्त उल्लेख येईल.

१८ मार्च

थोरल्या राजकन्येच्या फलकाचा मजकूर आज लिहिला, आणि या संपूर्ण कामात तोच सर्वांत अवघड गेला.

चारही मुली रत्नागिरीत वाढल्या आणि लग्नाच्या वयाच्या झाल्या. राजाला जावई ब्रह्मी राजकुळातला हवा होता. सरकारने नावे सुचवून पाहिली, पण राजाला मान्य होईल असा वर मिळाला नाही आणि वर्षे निघून गेली. थोरल्या मुलीचे राजवाड्याच्या दरवानाशी, गोपाळ सावंत यांच्याशी, नाते जुळले. ते आधीच विवाहित होते. १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचे नाव तुतू. कुटुंब नव्या घरात आले तेव्हा ही मुलगी चार वर्षांची होती.

या प्रसंगाबद्दल गावात जे बोलले जाते ते चवीने बोलले जाते. मंडळातही एकदोघांनी ‘राजकन्या आणि दरवान’ असा मथळा सुचवला. मी तो नाकारला. ज्या मुलीला सहाव्या वर्षानंतर स्वतःचा देश दिसला नव्हता, जिच्या लग्नाचा प्रश्न सरकारी पत्रव्यवहाराचा विषय झाला आणि जिला दारापलीकडचे जग बंद होते, तिला माणूस भेटला तो दारावरचाच, यात चविष्ट असे काही नाही. घराच्या नकाशावर तिच्या वावराची मर्यादा रेषेने दाखवली आणि खाली साध्या वाक्यांत हकिगत दिली, की पाहणाऱ्याला पुरेसे समजेल.

पुढचा भाग तर अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. थिबाच्या मृत्यूनंतर त्याचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा यासाठी सुपयालातने दफन रोखून धरले. सरकारने परवानगी दिली नाही आणि १९१९ साली, तिच्या इच्छेविरुद्ध, त्याचे दफन रत्नागिरीतच करण्यात आले. १९१२ साली वारलेल्या सुपयागलेलाही तिथेच चिरविश्रांती मिळाली. १९१९ सालीच राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या. सुपयालात १९२५ साली रंगूनला वारली. थोरली राजकन्या मात्र तुतूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली तिचे निधन झाले तेही याच गावात, हलाखीत. तुतू मराठीतच वाढली, तिचा संसार रत्नागिरीतच झाला, गावाने तिला बैसूबाई म्हणून ओळखले आणि २००० साली ती गेली. ती शेण्या थापून विकत असे आणि कागदाची फुले करत असे, हे पाहिलेली माणसे आमच्या मंडळात आहेत.

राजाला मोठा फलक आणि या दोघींना कोपऱ्यातली चौकट, अशी मांडणी मला मान्य नाही. घराचा इतिहास सांगायचा तर त्या घराच्या कैदेचा परिणाम सर्वांत दीर्घकाळ ज्यांनी सोसला त्यांना पूर्ण जागा मिळाली पाहिजे. फलकाचा आकार इतरांइतकाच ठेवला आहे.

२८ मार्च

१९१९ नंतरचा भाग थोडक्यात घेतला. घर सरकारकडेच राहिले, अधिकाऱ्यांच्या निवासासाठी वापरले गेले, काही काळ इथे तंत्रनिकेतनाचे वर्ग भरत, आणि पुढे पुरातत्त्व खात्याकडे आल्यावर संग्रहालय झाले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीला येऊन समाधीचे दर्शन घेतले.

या फलकावर एक तुलना मुद्दाम घातली आहे. मंडालेचा सागवानी राजवाडा मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जळून गेला आणि आज तिथे दिसतो तो १९९० च्या दशकात नव्याने उभारलेला आहे. त्यातला एक मूळ भाग वाचला, तो थिबामुळेच : वडील मिंडॉन ज्या दालनात वारले ते त्याने सिंहासनावर असताना उतरवून राजवाड्याबाहेर हलवले आणि तिथे विहार केला. श्वेनांदॉ विहार म्हणून ते आजही उभे आहे. म्हणजे राजाने स्वतः राहिलेल्या घरांपैकी मंडालेचे गेले, आणि त्याला कैदी म्हणून दिलेले रत्नागिरीचे टिकले. ते आपल्या राज्याच्या ताब्यात आहे, आणि ते नीट राखण्याची जबाबदारी आपली आहे, असे वाक्य मी शेवटी ठेवले होते. एका सभासदांनी ते उपदेशपर वाटते म्हणून काढायला सांगितले. त्याऐवजी चुन्याच्या गिलाव्याची माहिती इथे आणली, कारण राखायचे म्हणजे नेमके काय करायचे हे त्यातून कळते.

९ एप्रिल

सर्व फलकांचा मजकूर तपासून छपाईला दिला. ब्रह्मी नावांचे मराठी लेखन अखेर रत्नागिरीत रूढ असलेल्या उच्चारांप्रमाणे ठेवले. मंडाले आणि रंगून ही जुनी नावे तशीच राहतील. खिडकीचे रेखाचित्र मूळ मापाच्या निम्म्या आकारात छापले जाईल, जेणेकरून पटाशीचे घाव दिसतील. सागाच्या तुळईचा तुकडा अण्णांनी वखारीतून आणून मंडळात ठेवला आहे, आणि तो काचेत न ठेवता उघडा ठेवायचा, लोकांना हात लावू द्यायचा, असे ठरले.

संमेलनानंतर फलकांचा संच पावसाळ्यापूर्वी रत्नागिरीला पाठवायचा आहे. तिथल्या दोन शाळांनी तो मागितला असून त्यांच्या भिंतींची मापे आली आहेत. दहावा फलक त्यांच्या दालनात रुंदीला बसत नाही, म्हणून त्याची दोन भागांत वेगळी प्रत काढायला सांगितली आहे.